बापूरावांचा तिसरा चष्मा

उज्ज्वला काळबांडे यांचं चष्म्याचं दुकान वाशीमच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. दुकान मूळ नवऱ्याचं. सहा वर्षांपूर्वी ते अचानक गेले, तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई शटर ओढून माहेरी जाईल. उज्ज्वलाताईंनी तेरावं झाल्यावर आठ दिवसांत दुकान उघडलं. काच घासायचं मशीन त्यांना आधीपासून चालवता येत होतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं तेवढं राहिलं होतं, तेही त्या शिकल्या. पुढं गावातल्या संगम सेवा क्लबनं त्यांना सभासद करून घेतलं. क्लबची नेत्रतपासणी शिबिरं व्हायची आणि चष्मे बसवून देणारं हक्काचं माणूस त्यांना हवंच होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारच्या एसटीनं अनसिंगहून शुभांगी आली. शुभांगी म्हणजे क्लबचे सभासद गजेंद्र वानखडे यांची बायको. तिनं पिशवीतून हातरुमाल काढला, काउंटरवर उलगडला. आत मोडका चष्मा होता.

"मामाजी पडले पुन्हा," ती म्हणाली. "तोच नंबर हाय ताई. तसाच बनवून द्या."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, बापूराव. ताईंना ते आठवत होते. गेल्या सप्टेंबरात अनसिंगच्या शिबिरात त्यांनीच बापूरावांना पहिला चष्मा बसवून दिला होता. तो जानेवारीत मोडला, म्हणून दुसरा केला. आता हा दुसराही मोडून आला होता.

त्यांनी चष्मा उचलला आणि उजेडाकडं धरला. पडून फुटलेले चष्मे त्यांनी आजवर शेकड्यांनी पाहिले होते. तसा चष्मा आला की काचेवर ओरखडे असतात, स्क्रूच्या फटीत माती असते, दांडी बाहेरच्या अंगाला फाकलेली असते. या काचा स्वच्छ होत्या. डावी दांडी आत, गालाकडं वळली होती. नाकावर टेकणारी पत्ती उलटी झाली होती आणि तिच्या कडेला तपकिरी रंगाचं काहीतरी वाळलं होतं. जानेवारीतही डावीच दांडी आत वळली होती. तेव्हा ताईंच्या हाताला ते खटकलं होतं, पण दुकानात गर्दी होती आणि विषय डोक्यातून गेला होता.

"कसे पडले?" त्यांनी विचारलं.

"मोरीत."

"मंग त्यायलेच घेऊन ये ना. माप घ्या लागते."

शुभांगीचा चेहरा एकदम उतरला. "नका ना ताई. जुन्याच मापाचा बनवा." आणि रुमाल तिथंच टाकून ती परतीच्या गाडीसाठी निघूनही गेली.

त्या दिवशी ताईंनी एका गिऱ्हाइकाची काच चुकीची कापली. दुसरी घेतली, तिचाही कोन बिघडला. मशीन बंद करून त्या दाराशी उभ्या राहिल्या, मग आत आल्या, मग पुन्हा दाराशी गेल्या. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसानं उजव्या हातानं मारलं, तर ते डाव्या गालावर बसतं. एवढा साधा हिशेब होता. तो एकदा डोक्यात आल्यावर बाहेर जायला तयार नव्हता.

शनिवारी संध्याकाळी क्लबची बैठक होती. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत वीसेक सभासद जमले. विषय एकच, पंधरा जून. ज्येष्ठांवर होणाऱ्या अत्याचाराविरुद्ध जागृतीचा दिवस म्हणून तो सगळीकडं पाळतात, आणि क्लबनं यंदा अनसिंगला मोठा कार्यक्रम घ्यायचं ठरवलं होतं.

गजेंद्र उठला. चव्वेचाळीस वर्षांचा, उन्हानं रापलेला, मोकळं हसणारा माणूस. तीन एकरांत भाजीपाला पिकवणारा. कोरोनाच्या दिवसांत दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांना यानंच दोन महिने रोज भाजी पोचवली होती, आणि ते कोणी विसरलं नव्हतं.

"कार्यक्रम माह्या मळ्यात घेऊ," तो म्हणाला. "मंडप माह्याकडं, जेवन माह्याकडं. गावातले सारे म्हातारे ट्रॅक्टरवर बसवून आनतो. उज्ज्वलाताई, फलकावर काय लिहाचं ते तेवढं तुमी पाहा."

टाळ्या झाल्या. ताईंनीही हात हातावर आपटले, पण आवाज निघाला नाही.

बैठक सुटल्यावर त्यांनी अध्यक्षांना जिन्यात गाठलं. गोविंदसिंग राठोड, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणत. ताईंनी चष्म्याचं सांगितलं. सरांनी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पुरावा काय हाय तुमच्यापाशी? वाकडी दांडी?"

"दोन बारी, सर. एकाच बाजूनं."

"गजेंद्रसारखा कामाचा माणूस क्लबात दुसरा नाही. उद्या हे खोटं निघालं तर त्याच्या घराची अब्रू जाईन, अन् ते पाप आपल्या माथी. पंधरा जून होऊ द्या. मग पाहू."

ताई घरी आल्या. फलकाचा मजकूर लिहायला कागद घेतला. 'छळ दिसला तर गप्प राहू नका' असं लिहिलं, आणि कागद उलटा ठेवून दिला.

त्यांच्या अस्वस्थपणाला आणखी एक कारण होतं, जे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. डोकं ठिकाणावर नव्हतं. एका दुपारी ताई त्यांना वरणभात भरवत होत्या आणि सासूबाईंनी घास तोंडावर थुंकला. सकाळपासून तो चौथा घास होता. ताईंनी त्यांचं मनगट धरून त्यांना मागं ढकललं. डोकं भिंतीवर आपटलं. सासूबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. नुसत्या पाहत राहिल्या. सुनेला कायम नावानं हाक मारणाऱ्या त्या बाईनं त्यानंतर दिवसभर तिला "ओ बाई" म्हटलं, अनोळखी माणसाला म्हणावं तसं. त्या गेल्या त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. पण त्या आपटण्याचा आवाज ताईंना अजून ऐकू यायचा, भांडी घासताना, कधी दुकानात एकट्या असताना.

मंगळवारी दुकानाला सुट्टी असते. ताईंनी नवा चष्मा डबीत घातला आणि अनसिंगची एसटी धरली.

गजेंद्रचा मळा गावाबाहेर आहे. वांगी, मेथी, मांडवावर चढवलेले दुधी. घराजवळ कडुनिंबाखाली बाजेवर बापूराव बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी वाशीमच्या बाजारात त्यांची वांगी सकाळी सातच्या आत संपत. आता ते चष्म्यावाचून मळ्याकडं नुसते तोंड करून बसले होते.

"कोनाची वं तू?"

"चष्मेवाली, बाबा. वाशीमची."

"मोटर बंद केली काय? पानी चाललं वाया."

मोटर बंदच होती. ताईंनी तसं सांगितलं. जरा वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, ताईंनी पुन्हा सांगितलं. मग डबी उघडली, चष्मा काढला आणि नेहमी करतात तसे दोन्ही हात त्यांच्या कानांकडं नेले.

बापूरावांचा डावा हात झटक्यात वर गेला. कोपर पुढं, तळवा कानावर, डोळे गच्च मिटलेले, हनुवटी छातीत. आणि ते तसेच राहिले. पुढचं काहीतरी येण्याची वाट पाहत.

ताई चष्मा धरून उभ्याच्या उभ्या राहिल्या. "बाबा," त्या कशाबशा म्हणाल्या, "चष्मा घालून राह्यली मी."

हात हळूहळू खाली आला. म्हातारा ओशाळला होता. "माशी होती," तो म्हणाला.

कानापुढं, जिथं दांडी टेकते तिथं, पिवळटलेला जुना वण होता. ताईंनी चष्मा घातला, पण यावेळी आधी हात दाखवून, सावकाश. मग बाजेच्या काठावर बसून विचारलं, "कोन मारते तुमाले?"

"कोनी नाई. पडतो मी. म्हातारं मानूस पडनच."

तेवढ्यात मोटारसायकल आली. गजेंद्र उतरला आणि ताईंना पाहून हसला. "ताई! तुमी काहून तरास घेतला? फोन करता, मी आलो असतो." त्यानं आत चहा सांगितला. पंधरा जूनचा मंडप कुठं घालायचा ते दाखवलं. बापूराव मध्येच म्हणाले, "गजू, मोटर बंद केली काय?"

"केली."

चहा आला. "मोटर बंद केली काय रे?"

"केली म्हनलं ना."

"पानी चाललं..."

"बाबा!"

एकच शब्द. मोठ्यानं सुद्धा नव्हता. पण बापूरावांची मान खाली गेली आणि दोन्ही हात धोतराच्या घडीत शिरले. घराच्या दारात शुभांगी उभी होती. तिनं ताईंकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

ताईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निघाल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. एसटीत बसल्यावर त्यांना स्वतःचा इतका राग आला की, जागा रिकामी असून त्या उठून उभ्या राहिल्या आणि वाशीम येईपर्यंत दांड्याला धरून उभ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या राठोड सरांच्या घरी गेल्या. सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. ताईंनी सगळं सांगितलं, हात कसा वर गेला ते करून दाखवलं.

सरांनी झारी खाली ठेवली. "असा?" त्यांनी स्वतःचं कोपर उचललं.

"असाच."

सर ओट्यावर बसले. "हा हात मी ओळखतो," ते म्हणाले. "चौतीस वर्षं वर्गात पाह्यला. माह्याचसमोर वर झालेला." मग आत जाऊन चपला घालून आले. "बोला, काय कराचं?"

काय करायचं ते ताईंनाही ठाऊक नव्हतं. फलकावर छापायला म्हणून त्यांनी ज्येष्ठांच्या मदतीचा फोन नंबर शोधून ठेवला होता, १४५६७. तोच त्यांनी लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "आजोबांना काय हवंय? ते विचारलंत का?" नाही, ते कोणीच विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं की आजोबांची इच्छा असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. जिवाला धोका वाटला तर थांबू नका, पोलिसांना बोलवा. पण आधी त्यांचा भरवसा असलेलं एखादं माणूस सोबत घ्या आणि घरच्यांपासून बाजूला नेऊन त्यांना विचारा.

सरांच्या माहितीत असं माणूस एकच होतं. बापूरावांची मुलगी दुर्गा, जऊळक्याला दिलेली. तिच्या नवऱ्याचं रेल्वे स्टेशनजवळ चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. ताईंनी फोनवर नाव सांगितलं, कारण सांगितलं. दुर्गा म्हणाली, "मले मालूम होतं ताई. दिवाळीले गालावर पाह्यलं म्या. बाबानं माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, गजूचं नाव काढजो नको म्हने. मी गप बसली." आणि ती रडायला लागली. रडताना मध्येच थांबून तिनं विचारलं, "कवा जाचं?"

गुरुवारी ताई, सर आणि दुर्गा अशी तिघं भाड्याच्या जीपनं मळ्यावर गेली. गजेंद्र बाजारात गेलेला होता. दुर्गानं वडिलांना विहिरीजवळ नेलं, ताई थोड्या अंतरावर बसल्या. दुर्गाला फार विचारावंही लागलं नाही. लेकीचा हात हातात आल्यावर बापूराव आपणहूनच बोलले.

"त्याले म्हना, मारू नको. बाकी मले काई नाई पायजे."

"पोलिसात जाचं काय, बाबा?"

"नाई नाई. थो वाईट नाई वं. मीच इसरतो. मोटर इसरतो." त्यांनी मळ्याकडं पाहिलं. "तू नेतं काय मले थोडे दिस?"

एवढ्यात गजेंद्र आला. रिकामे क्रेट उतरवता उतरवता त्यानं बहीण पाहिली, सर पाहिले, ताई पाहिल्या, आणि त्याला कळलं.

"माह्या घरात माहीच सभा भरवली तुमी?" तो ओरडला. "काय पाह्यलं तुमी? दीड वर्ष झालं! मोटर चालू करून देते, अर्धं वांगं सडलं पान्यात. गॅस उघडा ठेवला, शुभांगी जळून मेली असती. चड्डीत होते, मी धुतो. तू येते दिवाळीले दोन दिस, दुर्गे, पुरनपोळी खाते अन् जाते! अन् क्लब? क्लब ठेवते काय सांभाळून?"

सर काही बोलणार होते. ताईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"गजेंद्रभाऊ," त्या म्हणाल्या, "मी माह्या सासूले ढकललं होतं. डोकं आपटलं तिचं भितीवर. चार घास थुंकले म्हनून."

गजेंद्रनं हातातलं क्रेट खाली ठेवलं.

"कोनी पाह्यलं नाही. मी बी सांगतलं नाही कोनाले, आज पह्यल्यांदा बोलून राह्यली. थकून गेली होती मी, खरंच थकली होती. पन ढकललं ते ढकललंच. तुमी थकले ते मले समजते. म्हनूनच सांगते, हे आता आपोआप बंद नाही होत."

"मी काई रोज..." गजेंद्र म्हणाला आणि अडला.

दारातून शुभांगी बाहेर आली. ती नवऱ्याकडं न पाहता ताईंकडं पाहून बोलली. "दोन्ही बारी चष्मा घेऊन मीच आली वाशीमले. दोन्ही बारी मले वाटलं, आता कोनी इचारन. इचारलं तर सांगून देतो म्हनून येत होती."

हे ताईंना सगळ्यात जास्त लागलं. जानेवारीत दुकानात गर्दी होती.

गजेंद्र उपड्या क्रेटवर बसला. हातातला रुमाल त्यानं घडी केला, उघडला, पुन्हा घडी केला. "न्या," तो म्हणाला. "न्या त्यायले." आणि उठून वांग्यांच्या सऱ्यांतून सरळ चालत गेला, मागं न पाहता.

बापूराव जीपमध्ये बसेनात. वांग्याला पाणी कोण देणार, हे ठरल्याशिवाय त्यांना हलायचं नव्हतं. "मी देतो मामाजी," शुभांगी म्हणाली. "मोटर बंद करशीन?" "करीन." तेव्हा कुठं ते चढले.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. पोलिसांत नको, पण मारणार नाही असं गजेंद्रनं लिहून द्यावं, एवढ्याला बापूराव तयार झाले आणि त्यांच्या सहीनं उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज गेला. तारखेला गजेंद्र आला, वडिलांवर हात उचलणार नाही असं लिहून दिलं आणि कोणाशी न बोलता गेला. क्लबचा राजीनामा त्यानं एका ओळीत पाठवला. दोन सभासद त्याच्या बाजूनं क्लब सोडून गेले. एकानं ताईंना भर बाजारात सुनावलं की, चष्मे विका, लोकांची घरं फोडू नका. पंधरा जूनचा कार्यक्रम अनसिंगच्या शाळेत झाला. ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या, तीसच भरल्या. राठोड सरांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि स्वतःच्या छडीबद्दल बोलले, अडखळत. कार्यक्रम संपल्यावर नानीबाई नावाची एक म्हातारी ताईंच्या पदराला धरून हळूच म्हणाली, "थो नंबर मले कागदावर लिहून दे. मोठा लिही, बाई."

जऊळक्यात बापूराव दोनदा घरातून निघून गेले. अनसिंगची वाट विचारत रस्त्यानं चालले होते, गावच्या लोकांनी ओळखून परत आणलं. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, बरा होणार नाही. दीड वर्षात त्यांना डॉक्टरकडं न्यावं, हे कोणालाच सुचलं नव्हतं. ऑगस्टमध्ये एकदा फोनवर दुर्गाचा आवाज ताईंना ओळखीचा वाटला. असाच थकलेला आवाज त्यांचा स्वतःचा होता, नऊ वर्षांपूर्वी. त्या तडक सरांकडं गेल्या. तेव्हापासून क्लबचं कोणी ना कोणी आठवड्यातून दोन दुपारी जऊळक्याला जातं आणि बापूरावांजवळ बसतं, म्हणजे दुर्गाला झोपता येतं. मंगळवार ताईंचा. या कामाचा फोटो काढायचा नाही, असं सरांनी ठरवून टाकलं.

गजेंद्रही यायला लागला. पहिल्या तीन वेळा बापूराव भिंतीकडं तोंड करून बसले. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, वांगं कसं आहे. गजेंद्रनं पिशवीतून दोन वांगी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि दोन हात लांब सरकून बसला. दुर्गानं हे फोनवर सांगितलं, तेव्हा ताईंना बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण आपण केलं ते नीट केलं का, लवकर करायला हवं होतं का, की आणखी वेगळं काही करायला हवं होतं, हे त्यांच्या डोक्यात फिरत राहायचं.

नोव्हेंबरात एका सकाळी गजेंद्र दुकानाच्या दारात उभा राहिला. मळ्यातल्या त्या गुरुवारनंतर तो पहिल्यांदाच इथं आला होता. बराच वाळला होता. आत यायला तो तयार नव्हता.

"बाबाले डॉक्टरकडं दाखवाची तारीख हाय आज," तो रस्त्याकडं पाहत म्हणाला. "दुर्गाले ताप हाय, म्हनून मी आनलं एसटीनं. जऊळक्याहून कंडक्टरच्या बाजूले बसून आले. पन आता स्टँडावरून दवाखान्यात माह्यासंगं ऑटोत बसत नाहीत. तिथंच उभे हायेत. तुमी... येसान काय?"

ताईंनी मशीन बंद केलं. काउंटरवर एक गिऱ्हाईक होतं, त्याला तासाभरानं यायला सांगितलं. शटर अर्धं ओढलं, मग पूर्ण ओढलं, कुलूप लावलं.

स्टँडावर बापूराव खांबाला धरून उभे होते. त्यांनी ताईंना ओळखलं की नाही, कळलं नाही. पण ताईंनी हात पुढं केला तेव्हा त्यांनी तो धरला. ऑटोत ताई मध्ये बसल्या. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक. ऑटो वळला तसा बापूरावांचा तोल गेला, आणि ताईंच्या पाठीमागून गजेंद्रचा हात त्यांना सावरायला पुढं गेला, पण अर्ध्यावरच थांबला. बापूरावांनी तो हात पाहिला. ते दचकले. मग दवाखाना येईपर्यंत ते त्या हाताकडं पाहत राहिले.

"मोटर बंद केली काय रे?" उतरताना त्यांनी विचारलं.

"केली बाबा," गजेंद्र म्हणाला. "पाहून आलो."